तनी सुरू झाली की कॉफी

डोंबिवली पूर्वेला आमच्या सभेचा हॉल होता तिथे आता खड्डा आहे. चांगला खोल आहे. भोवती पत्रे ठोकलेत आणि पत्र्यांवर बावीस मजली इमारतीचं चित्र आहे. चित्रात एक गोरी बाई कुत्रा फिरवतेय. डोंबिवलीत गोरी बाई मी अजून पाहिलेली नाही, कुत्रे पाहिलेत. तिथून जाताना मला दर वेळी फिल्टर कॉफीचा वास येतो. तो येण्याचं काही कारण नाही, कारण समोर गटाराचं काम चाललंय.

सभा म्हणजे राजकीय सभा नव्हे. दक्षिणेकडे गाण्याच्या मंडळाला सभा म्हणतात. नोकरीसाठी डोंबिवलीत आलेल्या तमिळ मंडळींनी ती फार पूर्वी काढली, आणि त्यांच्या शेजारची मराठी माणसं हळूहळू तिच्यात शिरली. काही गाण्यासाठी शिरली, बरीचशी मेदूवड्यासाठी. मी वड्याच्या गटातला. बाबांची मोठी बहीण, सुहासिनी आत्या, मला पहिलीत असल्यापासून तिथे न्यायची. पहिल्यांदा गेलेलो तेव्हा मला वाटलं, कुणीतरी वारलंय. गायक सुंदर गात होता आणि पुढच्या रांगेतले म्हातारे माना हलवून "च्च् च्च् च्च्" करत होते. आपल्याकडे हा आवाज अपघात बघितल्यावर काढतात.

आत्या कानात म्हणाली, "अरे, आवडलंय त्यांना. त्यांची दाद आहे ती."

दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी कविता म्हटली. मला ती मनापासून आवडली. मी दाद दिली. बाबांना शाळेत बोलावण्यात आलं.

आत्या घटम वाजवते. घटम म्हणजे मडकं. साधं नसतं, जाड असतं, मातीत थोडी धातूची पूड मिसळून खास भाजतात. पण हे सगळं ऐकून घेतल्यावरही समोरचा माणूस "म्हणजे मडकंच ना?" असंच विचारतो. आत्या ठाण्याच्या कोर्टात स्टेनो होती. तरुणपणी शॉर्टहँडच्या परीक्षेचा अभ्यास करताना भिंतीपलीकडून दिवसरात्र टकटक यायची, म्हणून ती भांडायला शेजारी गेली. दार पट्टाभिरामन मामांनी उघडलं. मांडीवर मडकं होतं. भांडण अर्धा तास चाललं आणि त्यानंतर पस्तीस वर्षं शिकवणी चालली. लग्न राहून गेलं असं बाबा म्हणतात. केलं नाही असं आत्या म्हणते.

मराठी बाईने मडकं वाजवणं हे आमच्या गावाला झेपायला वेळ लागला. एकदा ती कापडात गुंडाळलेलं घटम खांद्याशी धरून रिक्षात बसली. रिक्षावाल्याने आरशात बघितलं, रिक्षा एकदम हळू केली, रेडिओ बंद केला आणि हॉलपाशी उतरताना विचारलं, "ताई, कोण गेलं?" दुसऱ्यांदा आमच्याकडे कामाला येणाऱ्या हौसाबाईंनी पाणीकपातीच्या दिवशी ते मडकं काठोकाठ भरून ठेवलं, वर ताटली झाकली, ताटलीवर ओगराळं. आत्या दोन दिवस कुणाशी बोलली नाही. हौसाबाईंचंही खरं होतं. म्हणाल्या, "एवढं मोठं भांडं रिकामं ठिवायचं म्हंजी पाप न्हाई का?"

तर मुद्दा तनीचा.

कर्नाटक संगीताच्या मैफलीला कचेरी म्हणतात. कचेरी असून तिला मधली सुट्टी नसते, हा तिच्यातला मोठा दोष. अडीच-तीन तास सलग. त्यात मुख्य चीज गाऊन झाली की गायक थांबतो, व्हायोलिन थांबतं, आणि मृदंग आणि घटम दोघेच वाजवतात. ही तनी. मडकेवाल्याच्या आयुष्यात जे काय असतं ते इथेच असतं, एरवी तो तीन तास मागे बसून इतरांना साथ करतो. आणि नेमकं तेव्हाच अख्खा हॉल उठून कॉफी प्यायला जातो. सगळ्या सभांमध्ये जातो. तशी पद्धतच आहे. आमच्या सभेत देवयानी काकू सर्वांत आधी उठायच्या, कारण पहिल्या घाण्यातले वडे. त्यांना उठताना बघूनच मला कळायचं की तनी आली. मग मीही उठायचो.

मोठा झाल्यावर मला याचं वाईट वाटायला लागलं. म्हणजे जायचो मीही, पण वाईट वाटून जायचो.

हॉल पाडायचं ठरलं आणि शेवटची कचेरी लागली. घटमला आत्या. त्याच्या आठवडाभर आधी मी मामांकडे गेलेलो. मामा तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढे. हात थरथरतात म्हणून वाजवणं सोडलेलं. मराठी ते वर्तमानपत्राचे अग्रलेख वाचून शिकले, त्यामुळे आमच्या इमारतीत सर्वांत शुद्ध मराठी त्यांचंच. आत्या तिथेच जमिनीवर बसून घटम पुसत होती.

मी म्हटलं, "मामा, तनीला सगळे उठून जातात. हा अपमान नाही का?"

"छे! कसला अपमान?" मामा म्हणाले. "मनुष्यप्राण्याला कॉफी लागते. त्यांनी अवश्य जावं. प्रश्न जाण्याचा नाहीच मुळी."

"मग?"

"अर्धी कॉफी टाकून परत कोण येतो, हा प्रश्न. जे आत बसून राहतात ते नातेवाईक. तुझ्या आत्याने स्टेजवर तांदूळ निवडले तरी ते बसतील. कॅन्टीनमधून जो ओढला जातो तो श्रोता."

"तुमच्या तनीला आलेत असे?"

"एकदा. असं म्हणतात बुवा. मी आत वाजवत होतो, बाहेर कॅन्टीन रिकामं झालेलं मला कसं दिसणार? परत आलेले आणि बसून राहिलेले, अंधारात सगळे सारखेच. त्या वेळचा कॅन्टीनवाला म्हणाला, एकूण एक माणूस आत गेला. पण तो फार प्रेमळ मनुष्य होता. पुरावा म्हणून त्याचा उपयोग नाही."

आत्या घटम पुसता पुसता म्हणाली, "मला एकदाच हवंय मामा. आता नाही झालं तर नाहीच."

हे मात्र खरं होतं. सभा यापुढे ठाण्यातल्या एसी हॉलमध्ये भरणार होती. तिथे कार्यक्रम सुरू झाला की दारं बंद. दाराशी टॉर्च घेऊन माणूस उभा. खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई, आणि कॉफी खालच्या मजल्यावर, मशीनची. तिथे तनीला कुणी बाहेर जाऊच शकणार नव्हतं. सगळे निमूट बसणार. बाहेरच्याला वाटावं, घटमचे केवढे दिवस आलेत. आत्याला त्याचीच धास्ती होती.

"ज्यांना जाता येत नाही," ती म्हणाली, "त्यांना परत कसं आणायचं रे?"

शेवटच्या कचेरीला हॉल गच्च भरला. गायिका शीळफाट्याला ट्रकच्या मागे अडकलेली, त्यामुळे उशीर झाला, पण कुणी कुरकुरलं नाही. लोक खुर्च्यांचे, पंख्यांचे, संडासाच्या दाराचेसुद्धा फोटो काढत होते. कॅन्टीनच्या बाजूने कॉफीचा वास सुटलेला. देवयानी काकूंनी कडेची खुर्ची धरलेली, चपला पायातच ठेवलेल्या. सगळं कसं रीतसर.

मग माझे बाबा माइकवर आले. बाबांचं नाव केदार, सभेचे मराठी चिटणीस, सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त. त्यांनी घसा साफ केला.

"रसिकहो, आज घटमवर माझी भगिनी आहे. गेली कित्येक वर्षं ती जेवताना एकच वाक्य बोलत आलीय, सगळे उठून जातात. आज या वास्तूतल्या अखेरच्या तनीला तसं होणार नाही. कलावंताचा मान म्हणून कॅन्टीन पूर्ण वेळ बंद ठेवण्यात आलेलं आहे. धन्यवाद."

आईने टाळ्या वाजवल्या. बाकी हॉलमधून "च्च् च्च् च्च्" असा आवाज आला, पण या वेळी तो मराठी अर्थाचा होता.

मी आत्याकडे बघितलं. ती स्टेजवर घटमखाली कापडाची चुंबळ ठेवत होती. तिने मान वर करून बाबांकडे बघितलं. बाबा तिच्याकडे बघून हसले, राखीच्या ताटात भारी पाकीट ठेवल्यासारखे. तिलाही हसावं लागलं. मागे बसलेल्या तंबोऱ्यावाल्या मुलीला वाटलं असेल, केवढं हे भावाबहिणीचं प्रेम. आणि होतंच. तीच तर अडचण होती.

कचेरी सुरू झाली. मी वाकून वाकून बाबांपर्यंत गेलो.

"बाबा, कॅन्टीन उघडा. लोकांना जाऊ दे."

"वेडा आहेस का? कधी नव्हे ते बसणारेत."

"अहो, तिला ते परत यायला हवेत!"

"अरे, गेलेच नाहीत तर परत यायचा त्रास कशाला?" बाबा म्हणाले. बँकेत याच बुद्धीवर त्यांना बढती मिळालेली.

मी कॅन्टीनकडे पळालो. शटर खाली, आणि आतून तेलाचा वास. मी वाजवलं. आतून उत्तम ओरडला, "बंद हाय!" उत्तम आमचा कॅन्टीनवाला, जुन्नरकडचा. मेदूवडा तो इथे येऊन शिकला आणि आता त्यावरून तमिळ बायकांशी वाद घालतो.

"उत्तमदादा, मी नील. उघड ना."

"तुझ्या बापाला सांग उघडायला. सकाळपासनं कॉफीचं डिकॉक्शन पाडतोय, डाळ वाटून ठेवलीय, आन् हा बाबा येऊन सांगतो बंद. शेवटचा दिवस माझा बी हाय ना इथं? मला कोण मान देनार?"

"मी देतो. उघड."

"तू गप. तू लहानपनी वडे चोरायचास."

मी परत आत आलो तोवर मुख्य चीज संपत आलेली. गायिकेने शेवटची ओळ घोळवली, मृदंगवाल्या सुशांतकडे बघून मान झुकवली, आणि तनी सुरू झाली.

कुणीही उठलं नाही.

देवयानी काकू सवयीने अर्ध्या उठल्या, आठवलं, आणि बसल्या. सगळा हॉल तोंडाला कुलूप लावल्यासारखा बसून होता. सुशांत ठाकुर्लीचा, मूळचा भजनातला पखवाजी, त्याने झकास सुरुवात केली. मग आत्याची पाळी आली. बोटं बरोबर पडत होती. सगळं बरोबर पडत होतं. कोर्टात साक्ष उतरवून घेतल्यासारखं. समोर खुर्च्यांवर बसवून ठेवलेले पक्षकार आणि आत्या त्यांचं म्हणणं टिपून घेतेय. ती समोर बघतच नव्हती.

मी देवयानी काकूंच्या खुर्चीपाशी उकिडवा बसलो. "काकू, प्लीज उठा ना."

"का? मी काय केलं?"

"काही नाही. नुसत्या बाहेर जा."

"अरे, मी आजीव सभासद आहे!" काकू कुजबुजल्या, पण चार रांगांना ऐकू गेलं. "आजच बसलेय नीट, तर हा मला घालवतोय. सुहासिनीचा भाचा ना तू? लाज वाटत नाही?"

मी आणखी दोघांना विनवलं. एकाने मला, घटम पाडायला मृदंगवाल्याने पाठवलेला माणूस समजून दम दिला. दुसऱ्याने सरळ हात जोडले आणि डोळे मिटले.

तेव्हा पहिल्या रांगेतून पट्टाभि मामा उठले.

मामा जन्मात तनीतून उठलेले नव्हते. वाजवणारा शाळकरी पोर असला तरी शेवटपर्यंत बसायचे, मांडीवर ताल धरून. ते काठी टेकत उभे राहिले, स्टेजकडे वळले, आत्याला नमस्कार केला आणि पाठ फिरवून चालू लागले. काठीचा आवाज मधल्या वाटेवरून दारापर्यंत गेला. तोही तालात होता, त्यांना दुसरं येत नाही.

आत्याचा हात क्षणभर हवेत राहिला.

हॉलमध्ये हलकल्लोळ. कुणी म्हणालं, मामांना बरं वाटत नाहीय. कुणी म्हणालं, रागावलेत. देवयानी काकू म्हणाल्या, "मामा निघाले म्हणजे कॅन्टीन उघडलंय," आणि त्या उठल्या. काकू उठल्यावर मग कुणाला पुरावा नको होता. अख्खा हॉल उठला. बाबा दारात हात पसरून कबड्डीतल्यासारखे उभे राहिले. "रसिकहो! रसिकहो, बसा!" रसिक त्यांच्या काखेखालून गेले.

बाहेर मामांनी काठीने शटर वाजवलं. "उत्तमराव, मी पट्टाभिरामन. आम्हाला कॉफी हवी आहे."

मग शटर वर गेलं. उत्तमने डोळे पुसलेले होते की वाफ होती, कळलं नाही. "मामा, तुमी आजवर कदी आला न्हाईत इथं."

"कामात असे," मामा म्हणाले.

मग पंधरा वर्षं मी पाहत आलेलो तोच गोंधळ. स्टीलचे पेले, वाट्या, एकाची कॉफी उंचावरून ओतताना दुसऱ्याच्या बाहीवर, "साखर कमी", "वडा मऊ दे", "अण्णा, सरका". मला एकदम सातवीत असल्यासारखं वाटलं. मामा कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले. पेला हातात, प्यायले मात्र नाहीत. मी त्यांच्याजवळ उभा राहिलो.

आतून घटम ऐकू येत होतं. आता ती साक्ष नव्हती. आता हॉल रिकामा होता आणि आत्याला समोर कुणालाच बघायचं नव्हतं, तिला भिंतीपलीकडे पोचायचं होतं. भिंतीपलीकडून आवाज कसा येतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? मला वाटलं, आता ती जोरात वाजवेल. पण ती हळू होत गेली. घटमचं तोंड पोटाला टेकवून सोडलं की आतून गुंऽ असा खोल आवाज येतो, विहिरीत कुणी उसासा टाकावा तसा. तो एक, मग थोडी टकटक, मग तो एक. आणखी हळू. कॅन्टीनमधले चमचे थांबले, कारण चमच्याच्या आवाजात ऐकू येईना. "श्श," कुणीतरी उत्तमला म्हणालं. उत्तमने गॅस बारीक केला.

मग तिने गंमत सुरू केली. सगळं वाजवायचं आणि जिथे ठोका पडायचा तिथे काहीच नाही. रिकामी जागा. पुन्हा तसंच. आता या लोकांचे हात लहानपणापासून तालाला सोकावलेले. पहिल्यांदा टाळी, मग करंगळीपासून बोटं मोजायची, पुन्हा टाळी आणि हात उलटा. तो रिकामा ठोका त्यांच्या अंगावर यायला लागला. बँकेतल्या एका अण्णांचा हात आपोआप मांडीवर आपटला, मग उलटा झाला, आणि हातात पेला होता. कॉफी शर्टावर. अण्णांनी शर्टाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी उरलेला पेला काउंटरवर ठेवला, मोकळ्या हाताने ताल धरला आणि तसेच ताल धरून दाराकडे चालू लागले.

हातात पेला असला की ताल धरता येत नाही. हे इतकं साधं होतं. एकेक पेला काउंटरवर यायला लागला. ठक. ठक. बरोबर त्या रिकाम्या जागेत.

"थांबली का रे ती?" देवयानी काकूंनी मला विचारलं.

"नाही. ऐका."

काकूंच्या तोंडात वडा होता. त्यांनी चावणं थांबवलं. मग अर्धा वडा वाटीत ठेवला, अर्धी कॉफी शेजारी ठेवली, हात पदराला पुसले आणि गेल्या. मी त्यांना तनीतून जाताना आयुष्यभर पाहिलेलं. तनीत जाताना पहिल्यांदा पाहिलं. शेवटी उत्तमही गॅस बंद करून झारा हातात घेऊन गेला. त्याने इतक्या वर्षांत आत पाऊल टाकलेलं नव्हतं. दाराशी चपला काढून गेला.

कॅन्टीनमध्ये मामा आणि मी.

"मामा, चला ना. शेवट चुकेल."

"तू जा. मी इथेच."

"अहो, तुमची शिष्या..."

"आतून हे दिसत नाही, बाळ," मामा म्हणाले.

मी नाही गेलो. मामा उठले, काउंटरपाशी गेले आणि पेल्यांच्या रांगेवरून थरथरता हात फिरवत निघाले. पेल्याला बोट लावायचे आणि पुढच्याकडे जायचे. "गरम आहे," ते म्हणाले. "हाही गरम आहे. हा तर भरलेलाच आहे, अय्यो." आत तनी चढत चढत एकदम फुटली आणि टाळ्या पडल्या. मामांनी मान नकारार्थी हलवली आणि "च्च् च्च् च्च्" केलं. खूप वेळ केलं.

कचेरी संपल्यावर लोक बाहेर आले तेव्हा मामा काठी आडवी धरून काउंटरसमोर उभे होते. कुणालाही आपला पेला उचलू देत नव्हते. उत्तम आवरायला आला तर त्यालाही नाही. "तिला येऊ द्या," एवढंच. बाबा म्हणाले, "हे कॅन्टीन कुणी उघडलं?" त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आत्या घटम कमरेवर घेऊन आली. तिने रांग बघितली. निम्म्या पेल्यांवर साय धरलेली. तिने मामांकडे बघितलं, मामांनी काठी बाजूला केली. आत्याने घटम बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते बाळासारखं दोन्ही हातांनी धरलं. मग तिने रांगेतला एक पेला उचलला आणि त्यातली गार झालेली, कुणाचीतरी उष्टी कॉफी सावकाश पिऊन टाकली.

"साखर जास्त आहे," ती म्हणाली.

"अगं, माझी होती ती!" देवयानी काकू म्हणाल्या.